कशेळीच्या सड्यावर

आधी बॅटरीचा लाल दिवा लागला.
म्हटलं, लागू दे, दिवसाढवळ्या बॅटरीचं काय काम.
मग काटा चढत गेला,
आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा
चहूकडे नुसता सडा.
काळं कातळ, करपलेलं गवत,
सावली म्हणाल तर गाडीच्याच पोटाखाली.

मागच्या सीटवर निळ्या दोरीने बांधलेला डबा,
डब्यात बर्फ, बर्फात एकोणीस नळ्या.
आडिवऱ्याच्या केंद्रातलं
सकाळचं, उपाशीपोटीचं रक्त.
साडेबाराच्या आत रत्नागिरीला पोचवायचं.

चिऱ्यांच्या ढिगावर चढलं की रेंज येते.
एक दांडी. त्या दांडीवर मुनाफ खलफे.
"पट्टा गेला," गाडी न बघताच म्हणाला.
"गणपतीत सांगितलेलं, भेगा पडल्यात म्हणून."
सांगितलं होतं.
मी म्हटलं होतं, पुढच्या महिन्यात बघू.

माझ्याकडे बर्फ आहे, ठेवू इंजिनावर?
पलीकडे ठोकाठोकीचा आवाज थांबला.
"बाय, तापल्या तव्यावर पाणी मारतेस तशी मारणार काय?
हेड तडकंल. टोपणाला हात नाय लावायचा.
अर्धा तास काय करू नको.
जमंल?"

नाही जमलं.
डबा गाडीच्या मागच्या सावलीत ठेवला,
ओढणी भिजवून वर टाकली,
घड्याळ बघितलं, चार मिनिटं झाली होती.
इंजिन आतल्या आत टिकटिकत होतं,
गार होणाऱ्या लोखंडाला एवढं बोलायचं असतं
हे मला आजवर ठाऊक नव्हतं.
एक टिटवी माझ्यावर ओरडून ओरडून दमली.
म्हावऱ्याचा टेम्पो गेला, पाणी गाळत.
थांबला नाही. त्याचाही बर्फ वितळत होता.

मग पुन्हा ढिगावर, पुन्हा खाली, पुन्हा ढिगावर:
डब्याची दोरी सोड.
बाराचा पाना, अल्टरनेटरचा बोल्ट सैल.
दोन वेढे, ताणून.
गाठ बारीक मार, डोलकाठीला मारतात तशी.
(मुनाफचे आजोबा गलबतं बांधायचे,
मी आयुष्यात परकराच्या नाडीपलीकडे गाठ मारलेली नाही.)
आता पहारीने अल्टरनेटर मागे रेट.
पहार नाही.
मग जॅकचा दांडा घे. रेट. बोल्ट आवळ.
टोपणावर फडका, पाव वळसा, तोंड बाजूला.
फुस्स.
पाणी हळू घाल, तान्ह्याला पाजतात तसं.

तीसच्या वर नेली नाही.
डबा मांडीवर, कारण दोरी पुढे कामाला लागलेली.
गावखडीचा उतार, पूर्णगडचा पूल,
खाली भरतीचं पाणी, नाकात जळक्या नायलॉनचा वास.
पावसला दोरी तुटली, पण तिथे पट्टा मिळाला,
तीनशे ऐंशी रुपयांना.
बारा चाळीसला लॅबच्या पोराने वेळ लिहिली
आणि माझ्या काळ्या हातांकडे बघून
नळ्या स्वतःच उचलून घेतल्या.

त्यातली सातवी:
एम. ए. खलफे, पुरुष, छप्पन्न.
सहा महिने मागे लागले होते त्याच्या.
तहान किती लागते, बघ. रात्री किती वेळा उठतोस, बघ.
तो म्हणायचा, सवड कुठाय,
पुढच्या महिन्यात बघू.

आता दर रविवारी गाडी त्याच्याकडे.
गोड्या पाण्याने तळ धुवायचा,
खारी हवा आधी पत्रा खाते, मग विचारते.
टर्मिनलवरचं हिरवट फूल गरम पाण्याने काढायचं,
ऑइलची कांडी पुसायची, बुडवायची, पुन्हा पुसायची.

रिपोर्ट आला त्या दिवशी तो गाडीखालीच होता.
हातात कागद धरून मी उभी.
काहीतरी पुटपुटत होता, सायलेन्सरविषयी.
पाय तेवढे बाहेर, अनवाणी, ग्रीसने माखलेले.
मी खाली बसले
आणि तळव्यांवर कुठे चीर पडलीय का,
बघू लागले.